तेल गेलं, झोपही गेली

नवी गाडी घेतली की माणूस निदान महिनाभर हवेत असतो म्हणतात. मी सहाव्या दिवशी जमिनीवर आलो, कारण त्या दिवशी मेहुणा गाडी बघायला आला. रंग नाही, सीट नाहीत, त्याने आधी बॉनेट उघडायला सांगितलं. ते कुठून उघडतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे आधी टाकीचं झाकण उघडलं, मग डिकी. शेवटी त्यानेच बॉनेट उघडलं, इंजिनातलं तेल बघायची डिपस्टिक ओढली, दोन बोटांत तेल चोळलं आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "भावोजी, हे तेल हजार किलोमीटरला काढून टाका."

"का?"

"आत कीस असतो."

नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंती गुळगुळीत नसतात म्हणे. त्यांच्यावर मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासत घासत नीट बसतात, आणि घासताना जे धातू झडतं ते जातं तेलात. एवढं सांगून तो निवांत घरी गेला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून गाणी बंद ठेवून गाडी चालवू लागलो. कीस ऐकू येतोय का, ते बघायला.

मॅन्युअल काढलं. चारशे पानं. पहिल्या 1000 किलोमीटरमध्ये इंजिन फार पळवू नका, बराच वेळ एकाच वेगाने चालवू नका, हे होतं. पण तेल? 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. कीस हा शब्दच नाही. कप ठेवायच्या खळग्यावर मात्र दीड पान.

"गाडी कुणी बनवली?" बायकोने विचारलं.

"कंपनीने."

"माझ्या भावाने नाही ना? मग झोप."

पण ऑफिसात विषय काढण्याची चूक मी केलीच, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन पंथ पडले: हजारवादी आणि दहाहजारवादी. दहाहजारवाद्यांचं म्हणणं, आता यंत्रं इतकी अचूक झालीत की पूर्वीइतकं धातू झडतच नाही, आणि झडलंच तर फिल्टर कशाला दिलाय? त्यावर हजारवाद्यांचा पुढारी उभा राहिला. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. फिल्टर 20-30 मायक्रॉनपर्यंतचे कण बऱ्यापैकी अडवतो, त्याहून बारीक ते बरेचसे पुन्हा इंजिनात फिरत राहतात. हा गृहस्थ स्वतः बसने येतो.

मग कोणीतरी नव्या इंजिनातल्या तेलाचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट आणला. त्यात लोखंड, तांबं, सिलिकॉन सगळं भरपूर. "बघा किती लोखंड!" एक पंथ ओरडला. "बघा, नव्या इंजिनात असतं तेवढंच आहे, आणि सिलिकॉन तर जोडकामाच्या सीलंटचं," दुसरा म्हणाला. रिपोर्ट एकच होता. वर काही कंपन्या कारखान्यातून भरलेलं तेल लवकर काढूच नका म्हणतात, हेही निघालं. म्हणजे आता बदललं तरी पाप, न बदललं तरी पाप.

सर्व्हिस सेंटरला फोन केला.

"सर, दहा हजारला या."

"आधी बदललं तर?"

"बदलू शकता सर."

"नाही बदललं तर?"

"चालेल सर."

इतका समतोल माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खरं तर मला तेव्हाच उमगायला हवं होतं. लवकर बदलल्याने फरक पडलाच, तर तो दोन-अडीच लाख किलोमीटरनंतर दिसणार. तोवर गाडी तिसऱ्या मालकाकडे गेलेली असेल. मी एका अनोळखी माणसाच्या इंजिनसाठी रात्री जागत होतो.

तरीही 1,612 किलोमीटरला मी गॅरेजमध्ये उभा होतोच. खालचा नट निघाला, तेलाची धार ट्रेमध्ये पडली, आणि उन्हात त्यात बारीक चमचम दिसली. अभ्रकाची पूड टाकावी तशी. इतका आनंद मला गाडी घेतानाही झाला नव्हता.

"असतंच ते," मिस्त्री म्हणाले. मी फोटो काढून मेहुण्याला पाठवला. उत्तर आलं, "बघितलंत? आता पाच हजारला परत."

निघताना मी सहज विचारलं, "नटाचा वॉशर नवा टाकलात ना?" प्रत्येक वेळी तो नवा टाकायचा असतो, नाहीतर तिथून तेल गळू शकतं, एवढं आता मलाही कळत होतं. मिस्त्रींनी ट्रेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"टाकला असेल की."

तेव्हापासून रोज रात्री मी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरतो आणि सकाळी पालथा पडून वाचतो. काल संध्याकाळी दमून घरी आलो, गाडी लावली, सवयीने पेपर सरकवला आणि दहा मिनिटांत त्यावर ओला डाग! मी हाक मारली. बायको आली, वाकली, डागाला बोट लावलं, वास घेतला.

"पाणी आहे."

"इंजिनात पाणी?"

"एसीचं," ती म्हणाली. "मॅन्युअलमध्ये आहे. कपाच्या पुढचं पान."