खुलासा: यामालचा दहा नंबर कुणी काढून घेतलेला नाही

मंगळवार पेठेतल्या आमच्या ग्रुपवर तीन दिवस एकच मेसेज फिरतोय: ‘पार्ट्यांपायी बार्सिलोनानं लमिन यामालची दहा नंबरची जर्सी काढून घेतली.’ यामाल म्हणजे स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबचा तरुण खेळाडू, आणि दहा नंबर म्हणजे तिथला मानाचा नंबर. मेसेजसोबत जर्सीचा फोटो, त्यावर लाल फुली. काल शाहू स्टेडियमबाहेर चहा पिताना एका मामांनी तोच फोटो दाखवून भाच्याला झापलं. पोरगं बिचारं बार्सिलोनाचीच जर्सी घालून उभं!

मेसेज खोटा आहे. घडलं ते उलटंच. १३ जुलै २०२५ ला यामाल १८ वर्षांचा झाला आणि तीनच दिवसांनी क्लबनं त्याला दहा नंबर दिला. करार २०३१ पर्यंतचा.

वाढदिवसाची पार्टी मात्र झाली होती, वादही झाला. पण तो जागरणाचा नव्हता. करमणुकीसाठी खुज्या व्यक्तींना बोलावल्याचा आरोप झाला आणि स्पेनच्या सामाजिक हक्क मंत्रालयानं चौकशीची मागणी केली. तो प्रश्न गंभीरच आहे, पण जर्सीशी त्याचा संबंध नाही.

बार्सिलोनाचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक ३१ ऑगस्टला रायो वायेकानो संघाशी १-१ बरोबरी झाल्यावर संघातल्या अहंकारावर चिडून बोलले, हे खरं. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या मनानं चिकटवलं.

मला वाटतं, मजकूर बार्सिलोनाच्या जुन्या दहा नंबरवाल्या रोनाल्डिन्योच्या गोष्टीवरून उचललाय. त्याच्याही पार्ट्यांची चर्चा होती. २००८ मध्ये तो इटलीच्या मिलान क्लबात गेला, दहा नंबर मेस्सीकडे आला. तेव्हा यामाल वर्षाचा होता!

ॲडमिननं मेसेज उडवलाय. मामांना कोण सांगणार, तेवढं बघा.