दुसरा टप्पा

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे मी नोकरीत ढिगानं दिले असतील. कुणाला जातीच्या दाखल्यासाठी, कुणाला पासपोर्टसाठी, कुणाला नुसतंच वय सिद्ध करायला. त्यातला एक मात्र डोक्यातून जात नाही.

२०१२ ची गोष्ट. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. गाव बालाघाटाच्या डोंगरातलं, निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं होतं. एका वॉर्डातून एका बाईचा अर्ज भरला गेला. ‘भरला गेला’ असंच म्हणायला पाहिजे, कारण भरला नवऱ्यानं, ही सही करायला गेली. दोन दिवसांनी समोरच्या पार्टीचा माणूस शाळेत आला. पहिलीतल्या एका मुलीचा उतारा पाहिजे म्हणाला. अर्ज रीतसर होता, मी सही-शिक्का मारून दिला. छाननीच्या दिवशी निरोप आला, मूळ रजिस्टर घेऊन तहसीलला या.

टेबलावर माझं रजिस्टर उघडं. समोरच्या पार्टीचा माणूस ओळीवर बोट ठेवून उभा. जन्म जून २००६, वडलांचं नाव अमुक, आईचं नाव तमुक. नवरा म्हणाला, “साहेब, ही पोरगी माझी नाही. थोरल्या भावाची आहे. शाळेत नाव घालताना चुकून माझं लागलं.” खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो खोटं बोलतोय हे ठाऊक होतं. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. “बाई, तुम्ही सांगा.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मग म्हणाली, “माझीच हाय ती. धाकली.”

अर्ज बाद. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिला आधीच्या दोन मुली होत्या, आणि तिसरं मूल असेल तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. तिसरी खेप मुलासाठी, सासूच्या हट्टानं, आणि झाली परत मुलगी. यातल्या कुठल्याच गोष्टीत तिला कुणी विचारलं नव्हतं. छाननीच्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी ‘बाई, तुम्ही सांगा’ म्हणालं, आणि ती जे खरं ते बोलली.

ही गोष्ट आज आठवायचं कारण, परवा आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकजण म्हणाला की कायद्यापुढं सगळे समान असतात, निदान कागदावर तरी. मी म्हटलं, कागदावरच नसतात. तोच तर घोळ आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं चालत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका, सगळीकडं हेच. आणि तेवढंच नाही. घरपट्टीचं बिल हातात पडल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. घरात संडास पाहिजे आणि तो वापरातही पाहिजे. सरकारी जागेवर अतिक्रमण नको. हे अतिक्रमण तुम्हीच केलेलं असायला पाहिजे असंही नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या प्रकरणात सांगितलं की सासऱ्यानं आणि नवऱ्यानं केलेल्या अतिक्रमणात ती राहते, तेवढं पुरे. १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सातवी पासही पाहिजे.

आता आमदार व्हायला काय लागतं? पंचवीस वर्षं वय, मतदार यादीत नाव, भारताचं नागरिकत्व. वेडा नको, दिवाळखोर नको, सरकारी लाभाचं पद नको, दोन वर्षं किंवा जास्तीची शिक्षा झालेली नको. पोरं किती, शाळा किती, संडास आहे का, हे कुणी विचारत नाही. ज्या सभागृहानं गावातल्या बाईच्या बाळंतपणांचा हिशेब मांडायचं ठरवलं, त्या सभागृहात बसलेल्यांना तो हिशेब लागू नाही. २०१२ सालीच आमच्याकडं सभामंडपाच्या भूमिपूजनाला एक लोकप्रतिनिधी आले होते. नाव घेत नाही. बॅनरवर त्यांचे चारही चिरंजीव होते, वयाच्या उतरत्या क्रमानं, प्रत्येकाच्या नावाआधी ‘युवा नेते’. धाकटा अंदाजे नऊ वर्षांचा असेल.

यावर कायद्याचं शिकलेले लोक लगेच सांगतात की बाबा, हे विधिमंडळाच्या हातात नाही. आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पंचायतीच्या सदस्यांची अपात्रता ठरवायचा अधिकार घटनेच्या कलम २४३-एफ नं राज्याच्या विधिमंडळाला दिलाय. आमदारांच्या अपात्रतेत भर घालायची तर कलम १९१ प्रमाणे तो कायदा संसदेनं करायचा. म्हणजे मुंबईत बसलेल्या आमदाराला सरपंचासाठी नियम करता येतो, स्वतःसाठी येत नाही. मान्य. पण संसदेकडं जाऊन ‘आम्हालाही लावा’ म्हणायला कुणी तोंड धरलं होतं का? आणि सरपंचाचा नियम काढून टाकायला तर दिल्लीची परवानगीही लागत नाही.

संसदेचीही गंमत बघा. डिसेंबर १९९२ मध्ये संसदेनं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली, जिच्यामुळं पंचायतींना घटनेत जागा मिळाली आणि बायकांना एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या. त्याच डिसेंबरात राज्यसभेत आणखी एक विधेयक मांडलं गेलं, एकोणऐंशीव्या घटनादुरुस्तीचं. दोनपेक्षा जास्त मुलं होतील त्याला खासदार-आमदार राहता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. पहिलं चार महिन्यांत अमलात आलं. दुसरं तीन दशकं उलटली तरी पडून राहिलं. लोकसभा विसर्जित झाली की तिथली विधेयकं मरतात, राज्यसभेतली मरत नाहीत. त्यामुळं ते मेलंही नाही आणि पासही झालं नाही. ना घरका ना घाटका. माझ्या पहिलीच्या वर्गातली कित्येक पोरं तेवढ्या काळात बाप झाली, काही आजोबा व्हायच्या बेतात आहेत.

मग २००३ साल. हरियाणाच्या दोन अपत्यांच्या नियमाला आव्हान देणारं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अर्जदारांचा एक मुद्दा अगदी सरळ होता. हा नियम सरपंचालाच का, आमदार-खासदाराला का नाही? न्यायालयानं नियम वैध ठरवला आणि सांगितलं की एखादं धोरण सगळीकडं एकदमच लागू करावं असं काही घटनेचं बंधन नाही, ते टप्प्याटप्प्यानं राबवता येतं. टप्प्याटप्प्यानं. हा शब्द मला फार आवडतो. आमच्याकडं शाळेला संगणक टप्प्याटप्प्यानं मिळायचे, वर्गखोल्या टप्प्याटप्प्यानं व्हायच्या. पहिला टप्पा कुणापासून सुरू होतो हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि दुसरा कधी येतो हेही त्याला बरोब्बर माहीत असतं. पंचायतीचा टप्पा झाला. २००५ साली सरकारी नोकरांचा झाला, लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले, मंत्रालयातल्या शिपायापासून सगळ्यांना. वरच्या मजल्याचा टप्पा अजून यायचाय.

आरक्षणाचंही तसंच. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत बायकांना पन्नास टक्के जागा. उत्तम झालं, मी त्याच्या बाजूचा आहे, त्याच्यामुळं माझ्या डोळ्यांदेखत गावं बदलली. पण विधानसभेत २८८ जणांत बायका दहा टक्क्यांच्या आत. संसदेनं खासदार-आमदारांसाठी तेहतीस टक्क्यांचा कायदा केला २०२३ मध्ये, तो लागू व्हायला आधी जनगणना पाहिजे, मग मतदारसंघांची फेररचना पाहिजे, अशी अट घालूनच. गावाला आधी काही लागलं नव्हतं. चिठ्ठ्या काढल्या आणि झालं.

आणि हे दोन नियम एकमेकांत अडकतात तिथं खरी मेख आहे. निम्म्या जागा बायकांना दिल्या, आणि मूल किती व्हावं हे जिच्या हातात नसतं तिलाच त्या मुलांवरून बाद करायचं ठेवलं. पुरुष वाट काढतो. निर्मला बुच म्हणून मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव होत्या. त्यांनी पाच राज्यांत फिरून या नियमाचा अभ्यास केला, तेव्हा पद टिकवण्यासाठी बायकोला सोडून दिलेले, मूल दत्तक दिलेलं दाखवणारे, गर्भ पाडायला लावणारे असे प्रकार त्यांना सापडले. दत्तक देण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात बंद केली. पण ‘भावाची पोरगी आहे’ ही पळवाट कोण बंद करणार? ती मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. सहा वर्षांची पोर, वर्गात बाराखडी गिरवतेय, आणि तिकडं तिचा बाप अधिकाऱ्यासमोर सांगतोय की ही माझी नाही.

फक्त अपत्यांचाच विषय नाही हा. तुरुंगात असलेल्या साध्या कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) आडवं येतं. निवडणूक मात्र तुरुंगातून लढवता येते, जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये तशीच मुझफ्फरपूरहून जिंकले. २०१३ पर्यंत तर शिक्षा झालेला साधा माणूस लगेच अपात्र व्हायचा आणि सभागृहात बसलेल्या आमदार-खासदाराला अपिलासाठी तीन महिन्यांची ढाल होती. अपील केलं की पद शाबूत. ती सर्वोच्च न्यायालयानं काढली, संसदेनं नाही. उलट ती परत आणायचा वटहुकूम निघता निघता राहिला. आणि पेन्शन! १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाची जुनी पेन्शन गेली, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये अख्खं राज्य संपावर गेलं होतं. माजी आमदाराची पेन्शन मात्र एका टर्मला महिना पन्नास हजारांवर गेली, तीही २०१६ मध्ये अधिवेशनाच्या शेवटी फारशी चर्चा न होता. यावर जास्त बोलत नाही, नाहीतर माझी स्वतःची पेन्शन जुनी आहे म्हणून कमेंटमध्ये मला धरतील.

तर माझं म्हणणं काय? आमदारांनाही दोन मुलांची अट लावा, असं मला वाटायचं. छाननीच्या खोलीतून बाहेर पडलो तेव्हा तर नक्कीच वाटत होतं, रागच तेवढा होता. आता वाटत नाही. नियम वाईट असेल तर तो आणखी चारशे जणांना लावून चांगला होत नाही. तो काढलाच पाहिजे. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी किती मुलं होतात ते, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता. केरळ, तमिळनाडूनं असला नियम कधी केला नाही, तरी तिथला जननदर आपल्या आधी खाली आला, मुली शिकल्या म्हणून. ज्या हरियाणाच्या नियमावर न्यायालयानं शिक्का मारला, त्या हरियाणानंच तीन वर्षांत तो रद्द केला. मध्य प्रदेश, हिमाचल, छत्तीसगडनंही काढला. आंध्रनं २०२४ मध्ये काढला, आणि तिथले मुख्यमंत्री आता लोकांना जास्त मुलं व्हावीत म्हणून सांगतायत. म्हणजे ज्या पोरांपायी आयांची पदं गेली, तीच पोरं आता राज्याला हवीशी झाली.

पण एक गोष्ट मला पक्की वाटते. हा नियम पहिल्याच दिवशी आमदारांनाही लागू असता, तर तो एवढी वर्षं टिकला नसता. पहिल्या चार-पाच जणांची पदं गेली असती, की पुढच्या अधिवेशनात लोकसंख्येचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे यावर तास-तास भाषणं झाली असती. कुणाला बायकांची होणारी फरपट आठवली असती, कुणाला केरळ आठवलं असतं. हे सगळं तेव्हाही माहीत होतंच. फक्त स्वतःच्या अंगाला चटका बसत नव्हता. सरपंच बाईला बसत होता, आणि सरपंच बाई काही विधेयक मांडू शकत नाही.

त्या बाईनं पुन्हा अर्ज भरला नाही. पुढच्या निवडणुकीत त्या घरातून तिच्या जावेनं अर्ज भरला, तिला दोनच मुलं. ती निवडून आली, कारभार दीर बघायचा. ही ऊसतोडीला जात राहिली. मधे एकदा बाजारात भेटली तेव्हा मीच विषय काढला, म्हटलं, माझ्या उताऱ्यानं तुमचं नुकसान झालं. ती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही काय लिवलं होतं? खरंच लिवलं होतं की.” आणि मेथीची जुडी निवडत राहिली.

धाकटी बारावी झाली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, त्या दिवशी तिनं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवला होता. शाई लावलेलं बोट, मागं शाळेची भिंत, जिथं ती पहिलीत बसायची तीच खोली. मतदान केंद्र तिथंच असतं. मी मनात हिशेब केला. अठरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. तिची जन्मतारीख मला तोंडपाठ आहे.