खुलासा: दिसणारे तारे 'मेलेले' नाहीत

'रात्री दिसणारे बहुतेक तारे केव्हाच विझलेत, आपल्याला दिसतो तो त्यांचा जुना प्रकाश; मुलांना हे जरूर सांगा,' असा मजकूर फिरतो आहे. कृपया सांगू नका.

प्रकाश जुना असतो, एवढं खरं. पण किती जुना? व्याधाचा सुमारे ८.६ वर्षांपूर्वीचा, अभिजितचा २५, स्वातीचा ३७. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत, म्हणजे त्यांचा प्रकाश फार तर काही हजार वर्षं जुना, आणि अगदी अल्पायुषी ताराही काही दशलक्ष वर्षं जगतो. त्यामुळे यातले बहुतेक सगळे आजही तळपत असणार. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तारा मात्र खरोखर म्हातारा. त्याचा स्फोट होणार, पण पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी, असा अंदाज आहे. तो होऊन गेला असं मानायला काही आधार नाही.

शिवाय चार वर्षांच्या पोराला 'ते सगळे मेलेत' सांगून काय साधतं, कोण जाणे! साडेआठ वर्षांच्या मुलीला व्याध दाखवा आणि सांगा, हा प्रकाश तू जन्मलीस त्या सुमारास निघाला. धाकट्यांना सूर्य पुरे: त्याचा प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वीचा. फक्त त्याच्याकडे थेट बघायला लावू नका.