27 ऑगस्टला दोन चंद्र दिसणार नाहीत, कुठल्याच वर्षी नाही

श्रावण आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. 27 ऑगस्टला रात्री साडेबाराला घराबाहेर या, मंगळ इतका जवळ येतोय की पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल, आकाशात दोन चंद्र, यानंतर थेट 2287 साली, आज जिवंत असलेला कोणीच हे परत बघू शकणार नाही, सगळ्यांना पाठवा. सोबत एक फोटो, पांढरा चंद्र आणि शेजारी तेवढाच तांबडा गोळा. लहान पोरं खरंच जागत बसतात आणि काहीच दिसलं नाही म्हणून हिरमुसून झोपतात, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"27 ऑगस्टला मंगळ सगळ्यात जवळ येणार"

आला होता, पण 2003 साली. त्या दिवशी मंगळ आपल्यापासून सुमारे 5 कोटी 58 लाख किमीवर होता, जवळपास 60 हजार वर्षांत एवढा जवळ आला नव्हता. पण हे दर ऑगस्टला होत नाही. पृथ्वी मंगळाला साधारण 26 महिन्यांनी एकदा गाठते, आणि मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे, सूर्यापासून त्याचं अंतर 20 कोटी 66 लाख ते 24 कोटी 92 लाख किमी असं बदलतं, म्हणून प्रत्येक भेट सारखी जवळची नसते. 2017 च्या 27 ऑगस्टला तर मंगळ जवळपास सूर्याच्या पलीकडे होता, 40 कोटी किमीच्या आसपास, म्हणजे शोधूनही दिसला नसता, आणि मेसेज त्याही वर्षी फिरवता आला असता कारण त्यात सालच लिहिलेलं नसतं!

"चंद्राएवढा दिसणार"

इथे जरा थांबून हिशोब करू, कारण सगळी गोम इथेच आहे. मंगळाचा व्यास 6,790 किमीच्या आसपास, चंद्राचा 3,474, म्हणजे मंगळ चंद्राच्या दुप्पटही नाही. चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किमीवर. 2003 चं ते विक्रमी अंतरसुद्धा याच्या 145 पट भरतं. आकार जेमतेम दुप्पट आणि अंतर 145 पट, मग दिसायला तो चंद्रापेक्षा 74-75 पट लहानच असणार ना.

डोळ्यासमोर आणायचं तर एक रुपयाचं नाणं घ्या. अडीच मीटरवरून ते जेवढं दिसतं तेवढा चंद्र. तेच नाणं 180 मीटर लांब कोणीतरी हातात धरून उभं आहे, तेवढा मंगळ, तोही त्याच्या सगळ्यात चांगल्या रात्री.

आणि हा 75 आकडाच या अफवेचं मूळ आहे. 2003 च्या मूळ ईमेलमध्ये म्हटलं होतं की 75 पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलंत तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. अगदी बरोबर वाक्य होतं! पुढे पाठवता पाठवता दुर्बिणीचा भाग गळाला आणि चंद्राचा तेवढा राहिला.

"आकाशात दोन चंद्र"

खुद्द 27 ऑगस्ट 2003 ला अमावास्या होती, चार दिवसांनी गणपती बसले. म्हणजे ज्या रात्रीवरून हे सगळं सुरू झालं त्या रात्री आकाशात एकही चंद्र नव्हता. खरी शेजारशेजारची तुलना 27 जुलै 2018 च्या रात्री झाली, शतकातलं सगळ्यात लांब खग्रास चंद्रग्रहण, खग्रास अवस्थाच 1 तास 43 मिनिटं, आणि त्याच दिवशी मंगळाची प्रतियुती, म्हणजे सूर्य एका बाजूला, मंगळ बरोबर विरुद्ध बाजूला आणि मध्ये आपण. आपल्याकडे पावसाळी ढगांनी बऱ्याच जणांचा घात केला, पण जिथे आकाश मोकळं होतं तिथे तांबूस चंद्र आणि जवळच मंगळ, झळझळीत नारिंगी, पण ठिपकाच.

मंगळ खरंच चंद्राएवढा दिसायला हवा असेल तर त्याला साडेसात लाख किमीवर यावं लागेल. तिथून तो चंद्रापेक्षा थोडी जास्तच भरती आणेल, कारण त्याची घनता चंद्रापेक्षा जास्त आहे. चंद्र, सूर्य आणि तो एका रेषेत आले तर कोकण किनाऱ्यावरचं उधाण जवळपास दुप्पट होईल. असं काही येत असतं तर ते आपल्याला फॉरवर्डमधून कळलं नसतं.

"परत 2287 लाच"

2003 चा विक्रम मोडणारी पुढची भेट 28 ऑगस्ट 2287 ला आहे हे खरं, पण फरक फक्त 70 हजार किमीचा, कोट्यवधी किमीच्या अंतरात तो डोळ्यांना कळणारही नाही. 2018 ला मंगळ 5 कोटी 76 लाखांवर येऊन गेला, सप्टेंबर 2035 मध्ये 5 कोटी 69 लाखांवर येईल. दर 15 किंवा 17 वर्षांनी अशी जवळची भेट होतेच, त्यामुळे "आयुष्यात एकदाच" वगैरे पोरांना सांगून घाबरवू नका.

त्यांना दाखवायचंच असेल तर 19 फेब्रुवारी 2027 ची प्रतियुती आहे. ही लांबची आहे, मंगळ 10 कोटी किमीच्या थोडा पुढे असेल, पण रात्रभर आकाशात राहील, सिंह राशीत मघा ताऱ्याजवळ. थोड्याच अंतरावर गुरूही असेल, जास्त तेजस्वी आणि पांढरट, त्याला मंगळ समजू नका, नारिंगी तो मंगळ. जवळपास कोणाकडे बरी दुर्बीण असेल तर 135 पटीवर लावायला सांगा, तेव्हा तो साध्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसेल, आणि हवा स्थिर असेल तर ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपीसुद्धा.