शिबिरानंतर पुढे काय?

मोठ्या रुग्णालयाने नवे यंत्र घेतले की चौकात फलक लागतो, उद्घाटनाला पाहुणे येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी छापून येते. त्या यंत्राला माझा विरोध नाही. उद्या मलाही त्याची गरज पडू शकते. परंतु समाजसेवेचा दावा करणाऱ्या रुग्णालयाने, जो माणूस त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही त्याच्यासाठी या तंत्रज्ञानाचा काय उपयोग झाला, हेही सांगायला हवे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हा प्रश्न स्वतःलाच विचारला, म्हणून त्याचे मला विशेष वाटते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. गावोगावी नेत्रशिबिरे भरवायची, मोतीबिंदूच्या रुग्णांना बसने रुग्णालयात आणायचे, शस्त्रक्रिया करून, जेवूखाऊ घालून परत गावी सोडायचे, आणि ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून हा खर्च भागवायचा, ही पद्धत त्यांनी रुजवली. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग परवडत नव्हते, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून ते भिंग इथेच तयार केले. इतके करूनही, दक्षिण भारताच्या ग्रामीण भागातील एका अभ्यासात असे दिसले की डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी जेमतेम ७ टक्के लोक शिबिराला येतात. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. शिबिर फुकट असले तरी बुडालेली मजुरी, सोबतीला माणूस नसणे आणि शस्त्रक्रियेची धास्ती या गोष्टी फुकटात सुटत नाहीत.

अशा निष्कर्षानंतर शिबिरांची संख्या वाढवून समाधान मानणे सोपे होते. अरविंदने त्याऐवजी गावांच्या जवळ कायमस्वरूपी दृष्टी केंद्रे उघडली. तमिळनाडूतल्या थेनी भागात धड इंटरनेट नव्हते, तेव्हा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने लांब पल्ल्याच्या वायफायने ही केंद्रे रुग्णालयाशी जोडली गेली. तिथे डॉक्टर बसत नाही. त्याच परिसरातून निवडून प्रशिक्षण दिलेली तंत्रज्ञ मुलगी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणी करते, नोंदी आणि छायाचित्रे पाठवते, आणि मुख्य रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलून सल्ला देतात. नंबर लागला तर चष्म्याची सोयही तिथेच होते. शस्त्रक्रिया लागणाराच पुढे जातो. अशी शंभराहून अधिक केंद्रे आज चालू आहेत. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ती मुलगी, कारण रुग्ण पुन्हा आला नाही तर त्याच्या घरी निरोप धाडणे तिलाच जमते.

यंत्र कितीही हुशार असले तरी या दुव्याशिवाय ते अडते. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा छायाचित्रावरून ओळखणारी गूगलची प्रणाली घडवताना अरविंदसह इतर रुग्णालयांची छायाचित्रेही वापरली गेली आणि २०१६ साली चाचणीत तिचे निष्कर्ष उत्तम आले. पुढे हीच प्रणाली थायलंडच्या दवाखान्यांत वापरली, तेव्हा खोलीत पुरेसा अंधार न झाल्यासारख्या साध्या कारणांनी सुमारे एकपंचमांश छायाचित्रे तिने नाकारली, संथ इंटरनेटमुळे रांगा खोळंबल्या, आणि ज्यांची छायाचित्रे नाकारली गेली त्यांच्यावर दूरच्या रुग्णालयात हेलपाटा घालण्याची वेळ आली.

याउलट गडचिरोलीत ‘सर्च’ या ग्रामीण आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने वापरलेले एक साधन पाहा. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ठरवण्यासाठी मिनिटाला होणारे श्वास मोजावे लागतात. पण गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मण्यांची चौकट आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडून साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर उपचार सुरू करायचे. पुढे प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा ३९ गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. मण्यांची ती चौकट मी निःसंकोच उच्च तंत्रज्ञान मानतो.

आमच्या तालुक्याच्या गावी मध्यंतरी एका शहरी रुग्णालयाचे शिबिर झाले. मांडव, बॅनर, टॅबवर नावनोंदणी, सारे अगदी चोख होते. शेजारच्या काकूंना मोतीबिंदू सांगितला, शहरात येण्याची चिठ्ठी दिली, आणि त्यानंतर एकही फोन आला नाही. त्या टॅबमध्ये काकूंचा मोबाइल नंबर होता, याचे मला जास्त वाईट वाटते.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे, पण राखीव खाट रुग्णाला गावातून उचलून आणत नाही. शिबिराच्या बातमीत तपासलेल्यांचा आकडा ठळक असतो. त्यांपैकी किती जणांची शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याभराने किती जणांना नीट दिसू लागले, हे दोन आकडे मी पुढच्या शिबिरात आयोजकांकडे मागणार आहे. आपल्या गावी शिबिर झाले असेल तर आपणही विचारा, आणि काय उत्तर मिळाले ते इथे अवश्य लिहा.