कडू दुधी औषध नाही, तो टाकूनच द्यायचा

मामींनी काल घरच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'रोज उपाशीपोटी ग्लासभर दुधीचा रस घ्या, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आटोक्यात. जितका कडू तितका गुणकारी. नको वाटला तर आवळ्याचा रस मिसळा. घरच्या वेलाचा दुधी असेल तर उत्तमच.' संध्याकाळपर्यंत मामांनी किसणी काढून ठेवली होती. मामा सत्तरीचे, मधुमेही. फोनवर मी त्यांच्याशी अर्धा तास जे बोलले तेच इथे लिहिते.

दुधी चांगली भाजी आहे, हे मान्य. पचायला हलका, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आजाऱ्याच्या ताटात निर्धास्त वाढावा असा. पण म्हणून रसावर भिस्त ठेवून मधुमेहाच्या गोळ्यांत हयगय करायची नाही.

खरा संताप येतो तो 'जितका कडू तितका गुणकारी' याचा. दुधीतला कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा. किडीने, जनावराने खाऊ नये म्हणून वेल ते स्वतःच तयार करतो. पोटात गेलं की उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली. माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने याच प्रश्नाचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये तो परिषदेच्या नियतकालिकात छापूनही आला. त्यात स्पष्ट सांगितलंय: रस काढण्याआधी लहान फोड चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी टाका. कारल्याचा दाखला कुणी देऊ नका. कारलं मुळातच कडू, त्यातली द्रव्यं वेगळी. दुधी कडू निघाला तर तो बिघाड.

आवळ्याचा रस मिसळायचं तर नावच नको. जीभ जो इशारा देते तोच त्याने झाकला जातो. समितीनेही दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका असंच म्हटलंय. शिजवूनही हे विष जात नाही. फक्त भाजीचा कडू घास माणूस थुंकतो, आणि औषध समजून घेतलेला ग्लास मात्र नाक दाबून संपवतो.

आता घरचा वेल. गेल्या पावसाळ्यात माझ्या गच्चीवर खताच्या कुंडीत एक वेल आपोआप उगवला. पोपटी, तुकतुकीत, नख सहज रुतेल असे कोवळे चार दुधी लागले. पहिल्याची चकती जिभेला नुसती लावली, तर चूळ भरभरूनही कडूपणा तासभर गेला नाही. वेल मुळासकट उपटला. याचं कारण साधं आहे. तंबोऱ्याचा कडू भोपळा आणि आपला दुधी एकाच जातीचे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग कुठूनही पराग आणतात. ते पराग कडू भोपळ्याचे असले तरी त्या वर्षीचं फळ गोडच राहतं. कडूपणा पुढच्या वर्षी, त्याच्या बियांच्या वेलावर उतरतो. म्हणून आपोआप उगवलेल्या वेलावर मी विश्वास ठेवत नाही. रंग, आकार, लांब की गोल, यावरून काहीही ओळखता येत नाही. एका वेलाचा एक दुधी कडू लागला तर बाकीचेही खाऊ नका.

आणि कुणी असा रस प्यायलं असेल, मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली असेल, तर ताक-लिंबूपाणी करत बसू नका. यावर उतारा नाही. लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना आधी हेच सांगा की दुधीचा रस घेतला होता.