सगळा दोष एकट्या युइंगचा नाही

अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या घसरणीचं खापर लेखात एकट्या माजी प्रशिक्षक पॅट्रिक युइंगवर फोडलंय, ते पटलं नाही. २०२१-२२ मध्ये बिग ईस्टचे (संघ ज्या कॉलेज-गटात खेळतो त्याचे) १९ पैकी १९ सामने हरणं लाजिरवाणंच होतं, पण वाळवी आधीपासून लागली होती. जुने प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांनी १९८२ ते १९८५ या चार वर्षांत तीनदा राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, १९८४ ला विजेतेपद मिळवलं. पुढे त्यांचाच मुलगा, जॉन थॉम्प्सन (तिसरा), प्रशिक्षक झाला, मग त्यांचा शिष्य युइंग. युइंग खेळाडू म्हणून थोरच, पण त्याआधी मुख्य प्रशिक्षक कधीच नव्हता! घराबाहेरचा माणूस २०२३ पर्यंत आणलाच नाही, हे माझ्या मते मूळ दुखणं.

त्यात २०१३ ला जुना प्रतिस्पर्धी सिराक्यूज विद्यापीठ बिग ईस्ट सोडून गेलं. ज्या सामन्यासाठी पोरं जॉर्जटाऊनला यायची, तो बिग ईस्टमधून गेला. नंतर मॅक मॅक्लंग, अकिंजो यांच्यासारखे चांगले खेळाडूही दुसऱ्या कॉलेजात निघून गेले. दरवर्षी नवा संघ बांधायचा तर खेळाडू घडणार कधी? म्हणून २०२३ मध्ये बाहेरून आणलेले प्रशिक्षक एड कूली यांना वेळ द्यायलाच हवा.